पेटतोय तरी बदला: घरातल्या झाडांवरच्या सोडियम आणि मेटल हॅलाइड बल्बची गोष्ट

कॅनडात ओंटारियोच्या पार दक्षिण टोकाला, लेक ईरीच्या काठाशी लेमिंग्टन म्हणून गाव आहे, टोमॅटोचं गाव. ग्रीनहाऊसची एवढी दाटी अख्ख्या उत्तर अमेरिकेत दुसरीकडे सापडणार नाही. हिवाळ्यात तिथलं रात्रीचं आकाश नारिंगी-गुलाबी दिसतं, वर ढग असले की लांबून वाटतं कुठेतरी मोठी आग लागलीय, आणि लोकांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की २०२० च्या सुमारास रात्री पडदे ओढून उजेड आतच ठेवायचे नियम तिथे करावे लागले. त्यातला नारिंगी रंग सोडियमच्या दिव्यांचा आणि गुलाबी एलईडीचा. आता हळूहळू सगळेच एलईडीकडे चाललेत, ग्रीनहाऊसवालेही आणि घरात झाडं वाढवणारे हौशी लोकही, त्यामुळे जुने सोडियमचे सेट सेकंडहँडमध्ये मातीमोल भावात मिळतात.

आणि ते घेतं कोण, तर इथे कॅनडात राहणारे आपल्यासारखे लोक. टोरंटोत डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम ९ तासांचा, त्यातही ढग, आणि हॉलमधला कढीपत्ता, तुळस, मोगरा एकेक पान गाळत बसलेले. मग कुणीतरी सांगतं की अरे चारशे वॅटचा सोडियम टांग, बघ कसा फुटतो. टांगला की खरंच फुटतो. पहिला हिवाळा मस्त जातो, दुसरा बरा, तिसऱ्याला झाड पुन्हा लांबुडकं आणि फिकट व्हायला लागतं आणि मग खत बदल, माती बदल, दृष्ट काढ, सगळं होतं पण बल्बकडे कुणाचं लक्ष जात नाही कारण तो तर छान पेटतोय. खरी गोम तिथेच आहे.

हा बल्ब पेटतो कसा

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तार तापून उजेड पडायचा. यात तारच नाही. बाहेरच्या मोठ्या काचेच्या आत एक बोटाएवढी नळी असते, तिला आर्क ट्यूब म्हणतात, तिच्या दोन टोकांना टंगस्टनचे इलेक्ट्रोड आणि मध्ये वायू आणि थोडासा धातू. वीज या टोकाकडून त्या टोकाला वायूतून उडी मारते, वायू तापतो, त्या उष्णतेने धातूची वाफ होते आणि ती वाफ प्रकाश देते. अशा सगळ्या दिव्यांना मिळून एचआयडी म्हणतात, म्हणजे छोट्याशा जागेतून प्रचंड उजेड देणारे दिवे.

आपल्या कामाचे प्रकार दोन. हाय प्रेशर सोडियम, म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यांवरचा तो पिवळा-नारिंगी दिवा. मरीन ड्राइव्हचा जो सोनेरी हार फोटोत दिसायचा तो याच दिव्यांचा, २०१५ मध्ये तिथे पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईत केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. दुसरा मेटल हॅलाइड, हा पांढरा-निळसर, स्टेडियम आणि गोडाऊनमधला.

सोडियमच्या आतली नळी साध्या काचेची चालत नाही, गरम सोडियम काच आणि क्वार्ट्झसुद्धा खाऊन टाकतो. ती ॲल्युमिनाची असते, दुधी रंगाची, एक प्रकारची सिरॅमिकच. अशी प्रकाश आरपार जाऊ देणारी सिरॅमिक नळी बनवता आली तेव्हाच, म्हणजे १९६० च्या दशकात, हे दिवे बाजारात आले.

सोबतचा तो जड डबा कशाला लागतो

तो डबा म्हणजे बॅलास्ट, आपल्या भाषेत चोक. ट्यूबलाइटला असतो तोच, फक्त थोरला भाऊ. जुना लोखंडी असेल तर उचलताना कंबर धरते आणि चालू असताना गुणगुणतो. सोबत इग्निटर असतो, तो सुरुवातीला काही हजार व्होल्टचे झटके देऊन वायूतून पहिली उडी मारून देतो.

पण एकदा उडी मारली की भानगड उलटी होते. तापलेल्या वायूतून जेवढी वीज जाते तेवढा तिचा रस्ता अजून सोपा होतो, म्हणून अजून जास्त जाते, म्हणून अजून सोपा. खंबाटकीच्या उताराला लागलेला भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकला तर जे होईल तेच इथे होणार, काही क्षणात सगळं खलास. चोक म्हणजे त्या उतारावरचा खालचा गिअर, बल्बला ठरलेल्यापेक्षा जास्त धावू देत नाही. आणि म्हणूनच प्रत्येक बल्बला त्याचाच चोक लागतो. ४०० वॅटच्या चोकवर २५० चा बल्ब लावला तर त्याच्यात जबरदस्तीने जास्त वीज ढकलली जाणार. पेटेल. छान पेटेल. थोडेच दिवस.

सोडियमच्या चोकवर मेटल हॅलाइड लावायचा प्रकारही होल्डर सारखाच असल्यामुळे सर्रास होतो. बल्ब बसतो म्हणजे जुळतो असं नाही हो! त्यासाठी कन्व्हर्जन बल्ब म्हणून वेगळे मिळतात ते घ्या, किंवा ज्या इलेक्ट्रॉनिक चोकवर दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलंय तो वापरा. उत्तर अमेरिकेत बल्ब आणि चोक दोन्हीवर एक कोड छापलेला असतो, ४०० वॅट सोडियमला एस५१, ६०० ला एस१०६, १००० ला एस५२, मेटल हॅलाइडमध्ये ४०० ला एम५९ आणि १००० ला एम४७. दोन्हीकडचा कोड एकच आहे ना बघा, बाकी दुकानदाराची बडबड ऐकू नका.

दोन्हीतला घ्यायचा कुठला

पुस्तकी उत्तर असं की झाड वाढतं असताना मेटल हॅलाइड आणि फुलाफळावर आलं की सोडियम. कारण मेटल हॅलाइडमध्ये निळा प्रकाश बऱ्यापैकी असतो, त्याने झाड बुटकं, गच्च राहतं. सोडियममध्ये निळा अगदीच थोडा, नुसत्या त्याच्यावर वाढवलेलं रोप जरा ताडमाड होतं. पण त्याच विजेत सोडियम जास्त उजेड देतो आणि जास्त टिकतो. माझं मत विचाराल तर झाड खिडकीपाशी असेल आणि दिवसा थोडा तरी खरा उजेड मिळत असेल तर सरळ सोडियम घ्या, निळ्याची भरपाई खिडकी करते. तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत असेल तर मेटल हॅलाइडचा विचार करा.

पेटतोय की अजून, मग बदलायचा कशाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यातच सगळं आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

सोडियम बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की आयुष्य २४,००० तास. लोकांना वाटतं २४,००० तास हा बल्ब नव्यासारखा चालणार. तसं नाही. कंपनी खूप बल्ब एकदम लावते आणि त्यातले निम्मे बंद पडेपर्यंत किती तास गेले ते मोजते, तो आकडा म्हणजे ते आयुष्य. म्हणजे निम्मे त्याच्या आधीच गेलेले असतात. आणि जे उरले ते किती उजेड देतायत याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. शिवाय ही चाचणी करताना बल्ब एकदा लावला की दहा-अकरा तास चालू ठेवतात. तुम्ही दिवसात चारदा चालू-बंद केलात तर आयुष्य त्याहून कमी होणार, कारण प्रत्येक वेळी पेटताना इलेक्ट्रोडचा थोडा थोडा अंश उडतो आणि नळीच्या टोकांना आतून काजळीसारखा चिकटतो. जुन्या बल्बच्या नळीची टोकं काळी दिसतात ती यामुळे.

उजेड किती कमी होतो ते खोक्यावर असतं पण बारीक अक्षरात. दोन आकडे बघायचे, इनिशियल लुमेन आणि मीन लुमेन (लुमेन म्हणजे बल्ब किती उजेड देतो त्याचं माप). इनिशियल हा पहिले १०० तास चालवल्यानंतरचा, मीन हा मधल्या वयातला, सोडियमसाठी निम्म्या आयुष्याचा आणि मेटल हॅलाइडसाठी ४० टक्के आयुष्याचा. साध्या जुन्या पद्धतीच्या ४०० वॅट मेटल हॅलाइडचा इनिशियल साधारण ३६,००० असतो आणि मीन २४,००० च्या आसपास. एक तृतीयांश गेला की, आणि तोही आयुष्य निम्मंसुद्धा झालं नसताना! सोडियम इथे खूपच बरा, निम्म्या आयुष्याला साधारण ९० टक्के उजेड टिकवून असतो.

आता हिशोब करा. रोज १२ तास म्हणजे वर्षाला ४,३८० तास. मेटल हॅलाइडचं आयुष्य २०,००० धरलं तर त्याचे ४० टक्के म्हणजे ८,००० तास, दोन वर्षंही पुरी होत नाहीत तोवर एक तृतीयांश उजेड गायब. वीज मात्र तेवढीच खातोय, मीटर काही दया दाखवत नाही. म्हणून झाडं वाढवणारे लोक मेटल हॅलाइड वर्ष-दीड वर्षात बदलतात आणि सोडियम १०,००० तासांच्या आसपास, म्हणजे रोज १२ तासांनी सव्वादोन वर्षं आणि १८ तासांनी दीड वर्ष. फक्त हिवाळ्यातच लावत असाल तर अर्थातच याच्या दुप्पट काळ जाईल. रस्त्यावरच्या दिव्याला हा नियम लागू नाही, तिथे माणसाला खड्डा दिसला की झालं. झाडाचं तसं नसतं, उजेड हेच त्याचं खाणं.

पण मला तर उजेड पहिल्याएवढाच दिसतो

दिसणारच. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो, आणि दोन वर्षांत हळूहळू २० टक्के कमी झालेला उजेड कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. त्यात सोडियमचा पिवळा रंग आपल्या डोळ्याला मुळातच जास्त प्रखर वाटतो.

म्हणून मोजा. स्वस्तातलं लक्समीटर घ्या, नाहीतर फोनवरचं ॲप. ॲपचा आकडा तंतोतंत बरोबर नसतो पण आपल्याला तुलनाच करायचीय, तर फोन तोच, जागा तीच आणि अंतर तेवढंच ठेवायचं. नवीन बल्ब लावला की आठवड्या-दोन आठवड्यांनी, त्याचे १०० तास झाल्यावर, रात्री बाकीचे दिवे घालवून झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर आकडा घ्यायचा आणि भिंतीवर लिहून ठेवायचा. मग दर दोन-तीन महिन्यांनी परत. ७५-८० टक्क्यांच्या खाली गेला की बल्ब बदलायचा. त्याआधी एक काम करा, दिवा थंड असताना बल्ब आणि वरचा रिफ्लेक्टर मऊ फडक्याने पुसा, कारण वर्षभराची धूळ आणि स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा चिकटा हेही भरपूर उजेड खातात. पुसून आकडा वर आला तर बल्बचे पैसे वाचले.

झाडाला किती मिळतंय हे जाणून घ्यायचं असेल तर सोडियमखाली लक्सच्या आकड्याला ८२ ने भागा, झाडाच्या कामाच्या प्रकाशाचा आकडा ढोबळमानाने मिळतो. २०,००० लक्स म्हणजे जवळपास २४४ मायक्रोमोल, झाडाचा प्रकाश याच मापात मोजतात, इथे दर चौरस मीटरला दर सेकंदाचा. दिवसाला १४ तास मिळाला तर तुळशीसारख्या झाडाला ठीकठाक आहे, टोमॅटोला पोट भरायला याच्या दुप्पट लागेल. हा भागाकार फक्त सोडियमसाठीच, उन्हाला किंवा एलईडीला तो लावू नका.

आपोआप बंद होतो आणि परत लागतो, भूत आहे का

नाही, म्हातारपण आहे. सोडियमच्या बल्बचं वय वाढलं की टोकं काळी होऊन जास्त तापतात, आतली वाफ वाढते आणि तो पेटता ठेवायला लागणारं व्होल्टेज चढत जातं. एक दिवस असा येतो की चोकला तेवढं व्होल्टेज देता येत नाही, बल्ब विझतो. थोडा थंड झाला की इग्निटर परत पेटवतो, परत तापतो, परत विझतो. हा खेळ सुरू झाला की बल्ब त्याच दिवशी काढा. पेटत नसलेल्या बल्बवर इग्निटर झटके देतच राहतो आणि दहा रुपयाच्या दुखण्यात शंभराचा इग्निटर जातो.

वीज जाऊन आली आणि बल्ब लगेच लागला नाही तर मात्र घाबरू नका. गरम नळीत दाब इतका असतो की वीज उडी मारू शकत नाही. सोडियमला मिनिट-दोन मिनिटं लागतात, मेटल हॅलाइडला दहा-पंधरा मिनिटं किंवा जास्तच. बटण खटाखटा दाबून काही होत नाही.

बदलताना

प्लग काढायचा, नुसता टायमर बंद करून भागत नाही. अर्धा तास थंड होऊ द्यायचा, बाहेरची काच शेकडो अंश तापलेली असते. नवीन बल्ब स्वच्छ फडक्याने धरा. दोन्ही बाजूंनी अडकवायचे डबल एंडेड बल्ब तर उघड्या हाताने अजिबात धरू नका, बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापून काच कमजोर होते. बल्ब होल्डरमध्ये नीट घट्ट बसवा, जोर लावून नाही. सैल राहिला की आत ठिणग्या पडतात आणि होल्डरच जळतो. मेटल हॅलाइडवर तो उभा लावायचा की आडवा ते लिहिलेलं असतं, ते पाळा. उभ्याचा बल्ब आडवा लावला तर आतली आर्क वर वाकते आणि नळी एकाच बाजूने तापते.

तारीख लिहा. बऱ्याच मोठ्या बल्बच्या धातूच्या बुडावर महिने आणि वर्षांचे आकडे कोरलेले असतात, खिळ्याने त्यावर ओरखडा काढून ठेवायचा म्हणून. रस्त्यावरचे दिवे बदलणाऱ्यांची ही जुनी सोय आहे आणि घरी ती कुणी वापरत नाही.

टायमर दणकट घ्या. लोखंडी चोक चालू होताना क्षणभर जोरात वीज ओढतो, ख्रिसमसच्या माळांसाठीच्या स्वस्त टायमरचे पॉइंट त्याने चिकटून बसतात आणि दिवा बंदच होत नाही. १००० वॅटचा सेट १२० व्होल्टवर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे १५ च्या सर्किटवर एकच, आणि त्याच सर्किटवर हीटर वगैरे नको.

आणि दिवा चालू असताना झाडावर पाणी फवारायचं नाही. गरम काचेवर एक थेंब पडला तरी तडा जाऊ शकतो.

फुटतो म्हणतात, ते खरं का

मेटल हॅलाइडच्या बाबतीत खरं आहे, रोज होतं असं नाही पण होतं. आयुष्य उलटून गेलेल्या बल्बची आतली क्वार्ट्झची नळी दाबाने फुटू शकते आणि तापलेले तुकडे बाहेरची काच फोडून खाली पडू शकतात. आपल्या घरात खाली गालिचा असतो. म्हणून मेटल हॅलाइड खालून जाड काच असलेल्या फिक्चरमध्ये लावा, नाहीतर उघड्या फिक्चरसाठीचा म्हणून मिळतो तोच बल्ब घ्या. आणि मुदत संपली की काढा, घासून घासून वापरू नका. चोवीस तास चालवत असाल तर आठवड्यातून एकदा किमान १५ मिनिटं बंद ठेवा, मरायला टेकलेला बल्ब असेल तर तो परत पेटताना शांतपणे मरतो.

दुसरा धोका लोकांना माहीतच नसतो. मेटल हॅलाइडची बाहेरची काच फुटली तरी आतली नळी पेटतीच राहू शकते. घातक अल्ट्राव्हायोलेट किरण अडवायचं काम ती बाहेरची काच करत असते. ती गेली आणि तुम्ही त्याखाली झाडाची छाटणी करत बसलात तर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग होते, वेल्डिंग बघितल्यावर होते तशीच, कातडीही भाजते. अमेरिकेत या बल्बवर टी किंवा आर अक्षर छापावं लागतं. टी असेल तर बाहेरची काच गेल्यावर तो १५ मिनिटांच्या आत आपोआप विझतो, आर विझत नाही. घरात टी आणा.

मग सरळ एलईडी का घेऊ नये

घ्या, कोण नको म्हणतंय. जुना ४०० वॅटचा लोखंडी चोकवाला सोडियम एका ज्यूल विजेत झाडाला साधारण १ मायक्रोमोल प्रकाश देतो, १००० वॅटचे चांगले डबल एंडेड १.७ ते २ पर्यंत जातात, आणि आजचे बरे एलईडी अडीचच्या वर. म्हणजे त्या जुन्या ४०० वाल्याएवढ्याच उजेडाला निम्म्याहून कमी वीज. ४०० चा सेट चोकसकट ४५० वॅट धरा, १४ तास चालला की रोज ६.३ युनिट, महिन्याला १८९. बिलातल्या युनिटच्या दराने गुणा आणि निम्मे करा, दरमहा तेवढे वाचतील.

पण एक गोष्ट एलईडीवाले सांगत नाहीत. हिवाळ्यात सोडियमची उष्णता वाया जात नाही, ती खोलीतच राहते आणि कढीपत्त्याला ती आवडते. तुमचं घर विजेच्या हीटरवर तापत असेल तर बचत कागदावर दिसते तेवढी नाही. गॅसवर तापत असेल तर एलईडी जिंकतो. मी तरी असं म्हणेन की चोक चांगला असेल तर एक बल्ब अजून बदलून घ्या, आणि चोकच जळाला तर त्याच्यावर पैसे घालू नका, तेव्हा एलईडी आणा. वर्षभर, उन्हाळ्यातही दिवा लावणाऱ्याला मात्र हा सल्ला नाही, त्याने आजच बदलावा.

ओंटारियोत २०२३ पासून रात्री ११ ते सकाळी ७ अगदी स्वस्त विजेचा प्लॅन निवडता येतो, त्या वेळात दिवा लावला तर कढीपत्त्याला काही फरक पडत नाही, संध्याकाळी त्याला अंधार मिळतोच. शेवंती असेल तर मात्र नको. ती मोठ्या रात्री बघून कळ्या धरते, रात्री उजेड दिसला की फुलायचं पुढे ढकलते. आपल्याकडे शेवंतीवाले शेतकरी रात्री शेतात बल्ब लावून हेच मुद्दाम करतात, पण ते काम थोड्या उजेडात होतं, त्याला असला राक्षसी दिवा लागत नाही.

जुना बल्ब कुठे टाकायचा

कचऱ्यात नाही. या दोन्हीत बहुतेक वेळा पारा असतो. कॅनडा-अमेरिकेत नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या डेपोत देता येतो, भारतातही पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमात येतात. नव्या बल्बचं खोकं जपून ठेवा, जुना त्यातच घालून न्यायला बरं पडतं. घरात फुटलाच तर खिडकी उघडा, पोरांना आणि मांजराला बाहेर काढा, दहा-पंधरा मिनिटांनी हातमोजे घालून पुठ्ठ्याने गोळा करा आणि बारीक चुरा चिकटपट्टीने उचला. व्हॅक्युम फिरवू नका, त्याने पारा घरभर उडतो.

परत जाताना हा सेट भारतात नेऊ का

नको. इथला लोखंडी चोक १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला, आपल्याकडे २३० आणि ५०. व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मर लावाल, पण हर्ट्झ कमी झाले की तोच चोक जास्त वीज जाऊ देतो, स्वतः तापतो आणि बल्बलाही मारतो. आणि खरं सांगायचं तर पुण्यात अंगणातल्या कढीपत्त्याला छाटणी सोडून कशाची गरज नसते.